१९० गोल कसे वाचायचे? क्रिस्टीन सिंक्लेअरची कारकीर्द, खान्देशातल्या पालकांसाठी

५ जुलै २०२५ ला थायलंडमधल्या चिआंग माईच्या मैदानावर भारताच्या मुलींनी यजमान थायलंडला २-१ ने हरवलं आणि २०२६ च्या आशिया चषकात जागा मिळवली. दोन्ही गोल संगीता बासफोरचे. पात्रता फेरी खेळून, जिंकून भारतीय महिला संघ तिथे पोहोचण्याची ही पहिलीच वेळ.

अशी बातमी आली की आपल्या घरांमध्ये एक प्रश्न हमखास निघतो. आंडेर फुटबॉल खेळी राह्यनी, ते ठीक. पन पुढे काय? प्रश्न रास्त आहे. कबड्डी, खो-खो, कुस्ती यांत पुढे काय होतं हे जळगाव, धुळे, नंदुरबारच्या माणसांना माहीत आहे. गल्लीत, गावात कुणीतरी त्या वाटेने गेलेलं असतं. पण फुटबॉल खेळणाऱ्या बाईची कारकीर्द कुठे सुरू होते, कशावर चालते आणि कधी थांबते, हे आपण जवळून पाहिलेलं नाही. म्हणून सुरू होऊन पूर्ण संपलेली एक कारकीर्द उलगडून पाहू. कॅनडाची क्रिस्टीन सिंक्लेअर. देशासाठी ३३१ सामने आणि १९० गोल. आंतरराष्ट्रीय फुटबॉलमध्ये पुरुष किंवा स्त्री, इतके गोल आजवर कुणीही केलेले नाहीत.

आधी दोन शब्द

फॉरवर्ड म्हणजे आघाडीची खेळाडू. अकरा जणींत तिची जागा प्रतिस्पर्धी गोलच्या सर्वांत जवळ. गोल करणं हे तिचं पहिलं काम. पण बचाव करणाऱ्यांना आपल्या मागे ओढून मैत्रिणीला जागा मोकळी करून देणं हेही तिचंच काम, आणि ते आकड्यांत कुठेच दिसत नाही.

कॅप म्हणजे देशाच्या संघातून खेळलेला एक अधिकृत आंतरराष्ट्रीय सामना. पूर्वी इंग्लंडमध्ये अशा सामन्यासाठी खरोखरची टोपी देत, तिथून हा शब्द आला. क्लबसाठी केलेले गोल वेगळे मोजतात. सिंक्लेअरचे १९० हे फक्त कॅनडासाठीचे.

१९० हा आकडा नेमका काय सांगतो?

खान्देशातला शेतकरी कापसाचं बोलताना नुसते एकूण क्विंटल ऐकून थांबत नाही. किती एकरांत? कोरडवाहू की बागायती? हे विचारल्याशिवाय त्याला उतारा कळत नाही. गोलांचंही तसंच आहे. १९० हे एकूण क्विंटल झाले. ३३१ कॅप म्हणजे एकर. भागाकार केला तर दर १०० सामन्यांमागे साधारण ५७ गोल येतात.

तिच्या आधीचा विक्रम अमेरिकेच्या ॲबी वॉमबॅकचा होता, १८४ गोलांचा, आणि तेही अडीचशेहून थोड्याच जास्त सामन्यांत. म्हणजे एकरी उतारा बघितला तर वॉमबॅक सरस ठरते, दर १०० सामन्यांत सत्तरच्या वर. मग सिंक्लेअर मोठी कशात? टिकण्यात. २००० सालच्या मार्चमध्ये पोर्तुगालमधल्या अल्गार्व्ह कपमध्ये ती कॅनडाकडून पहिल्यांदा खेळली, तेव्हा ती सोळा वर्षांची होती. शेवटचा सामना ५ डिसेंबर २०२३ ला, व्हँकुव्हरमध्ये, चाळिसाव्या वर्षी. त्या रात्रीपुरतं स्टेडियमला तिचं नाव दिलं होतं. मधल्या काळात सहा विश्वचषक खेळली आणि त्यांतल्या पाचांत, २००३, २००७, २०११, २०१५ आणि २०१९ मध्ये, गोल केले. तिच्या आधी पाच विश्वचषकांत गोल करणारी एकच होती, ब्राझीलची मार्ता.

चोवीस वर्षं फॉरवर्डच्या जागेवर टिकणं किती अवघड असतं हे मैदानाच्या कडेला उभं राहिल्याशिवाय समजत नाही. वेगाने धावणं, अचानक थांबणं, वळणं, मागून येणारे धक्के. सर्वांत जास्त मार याच जागेवर बसतो. २०११ च्या विश्वचषकात बर्लिनमध्ये यजमान जर्मनीविरुद्ध तिचं नाक मोडलं. ती मैदानावर राहिली आणि त्याच सामन्यात फ्री किकवर, म्हणजे प्रतिस्पर्ध्याने नियम मोडल्यावर मिळणाऱ्या मोकळ्या फटक्यावर, गोल केला. कॅनडा २-१ ने हरला, तरी तो गोल लोक विसरले नाहीत.

“पण गोल दुबळ्या संघांविरुद्धच ना?”

काही गोल तसे आहेत, ते मान्य करायला हवं. वॉमबॅकची बरोबरी करणारा १८४ वा आणि विक्रम मोडणारा १८५ वा, हे दोन्ही गोल २९ जानेवारी २०२० ला एकाच सामन्यात झाले. समोर होता सेंट किट्स अँड नेव्हिस हा चिमुकला बेटांचा देश आणि निकाल लागला ११-०.

असे सामने महिला फुटबॉलमध्ये जास्त का होतात, यालाही इतिहास आहे. इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने १९२१ मध्ये आपल्या संलग्न मैदानांवर महिलांच्या सामन्यांना बंदी घातली, ती उठायला सुमारे पन्नास वर्षं गेली. पुरुषांचा विश्वचषक १९३० मध्ये सुरू झाला, महिलांचा थेट १९९१ मध्ये. ऑलिम्पिकमध्ये महिला फुटबॉल आलं १९९६ ला. ज्या देशांनी आधी सुरुवात केली ते पुढे निघून गेले, बाकीचे अजून चालायला शिकताहेत. आपणही याच पात्रता फेरीत मंगोलियाला १३-० ने हरवलं आणि मग क्रमवारीत आपल्याहून वरच्या थायलंडशी झुंजून एका गोलाने जिंकलो. एकाच फेरीतले हे दोन विजय, पण मला विचाराल तर त्या १३ गोलांपेक्षा थायलंडविरुद्धचे दोन कितीतरी मोलाचे.

म्हणून कोणत्याही फॉरवर्डची यादी बघताना ‘गोल किती’च्या पुढे जाऊन ‘कुणाविरुद्ध आणि कोणत्या वेळी’ हे बघायचं. सिंक्लेअरच्या बाबतीत त्याचं उत्तर एका रात्रीत मिळतं.

ओल्ड ट्रॅफर्ड, ६ ऑगस्ट २०१२

लंडन ऑलिम्पिकची उपांत्य फेरी. मँचेस्टरमध्ये कॅनडा विरुद्ध अमेरिका. आपल्याकडे तेव्हा मध्यरात्र उलटली होती. कॅनडाने अमेरिकेला २००१ नंतर एकदाही हरवलेलं नव्हतं. ही पार्श्वभूमी लक्षात असली तर पुढच्या गोष्टीचं वजन कळेल.

२२ व्या मिनिटाला सिंक्लेअरने पहिला गोल केला. उत्तरार्धात अमेरिकेच्या मेगन रॅपिनोने कॉर्नरवरून, म्हणजे मैदानाच्या कोपऱ्यातून मारायच्या फटक्यावर, थेट गोल मारून बरोबरी साधली. ६७ व्या मिनिटाला पुन्हा सिंक्लेअर. तीन मिनिटांत पुन्हा रॅपिनो. ७३ व्या मिनिटाला तिसऱ्यांदा सिंक्लेअर. जगातल्या सर्वांत बलाढ्य संघाविरुद्ध ऑलिम्पिकच्या उपांत्य सामन्यात हॅटट्रिक, आणि तीनही वेळा आपल्या संघाला आघाडी मिळवून देणारी. आघाडीच्या खेळाडूकडून याहून जास्त काय मागायचं?

आणि मग तो वाद. गोलरक्षकाने हातात घेतलेला चेंडू सहा सेकंदांत सोडायचा, असा नियम तेव्हा होता. नियम पुस्तकात होता, पण पंच तो क्वचितच लावत. फार झालं तर आधी बजावत. त्या रात्री पंचांनी कॅनडाच्या गोलरक्षक एरिन मॅक्लाउडने वेळ जास्त घेतल्याचं ठरवून अमेरिकेला अप्रत्यक्ष फ्री किक दिली. अप्रत्यक्ष म्हणजे त्या किकवर थेट गोल धरत नाहीत, मध्ये आणखी कुणाचा तरी स्पर्श व्हावा लागतो. ती किक घेतली गेली, पुढच्या फटक्यात चेंडू कॅनडाच्या बचावपटूच्या हाताला लागला आणि पेनल्टी मिळाली, म्हणजे गोलसमोरून फक्त गोलरक्षकाविरुद्ध मारायचा फटका. ८० व्या मिनिटाला वॉमबॅकने ती गोलात मारली. ३-३. जादा वेळही संपत आलेला असताना, १२३ व्या मिनिटाला, ॲलेक्स मॉर्गनने डोक्याने चौथा गोल केला. तीन गोल करूनही सिंक्लेअर हरली.

सामन्यानंतर पंचांवर केलेल्या टीकेबद्दल आणि वागण्याबद्दल तिच्यावर चार सामन्यांची बंदी आली. पण त्याआधी, त्या पराभवानंतर तीनच दिवसांत, कॅनडाने फ्रान्सला १-० ने हरवून कांस्यपदक मिळवलं. तो गोल डायना मॅथेसनचा, भरपाईच्या वेळेतला. हे नाव लक्षात ठेवा, पुढे लागेल. सिंक्लेअर सहा गोलांसह स्पर्धेत अव्वल ठरली आणि समारोपाच्या संचलनात कॅनडाचा ध्वज तिच्या हाती होता.

तो सहा सेकंदांचा नियम आता राहिलेला नाही. २०२५-२६ च्या हंगामापासून गोलरक्षकाला आठ सेकंद मिळतात, शेवटचे पाच सेकंद पंच हात वर करून बोटांनी मोजून दाखवतात आणि वेळ ओलांडली तर प्रतिस्पर्ध्याला कॉर्नर मिळतो. आपल्या शालेय संघांच्या गोलकीपर मुलींना हा बदल कुणीतरी नीट समजावून सांगायला हवा. जिल्हा स्पर्धेत एखाद्या पंचाने तो काटेकोर लावला तर पोरीला काय झालं तेच कळणार नाही.

सहा गोलांना कांस्य आणि एका गोलाला सुवर्ण?

लंडनला सहा गोल करून कांस्य. २०१६ ला रिओमध्ये पुन्हा कांस्य. आणि २०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिम्पिकमध्ये सिंक्लेअरचा गोल एकच, जपानविरुद्धच्या सलामीच्या सामन्यात. पदक मात्र सुवर्ण.

फॉरवर्डचं काम वयाप्रमाणे कसं बदलतं ते इथे दिसतं. अडतिसाव्या वर्षी ती विशीतल्या बचावपटूंना पळून मागे टाकू शकत नव्हती. ती थोडी मागे येऊन खेळू लागली, चेंडू घ्यायचा, धरून ठेवायचा, पुढे धावणाऱ्या तरुण मुलींना द्यायचा. टोकियोच्या उपांत्य सामन्यात कॅनडाने अमेरिकेला १-० ने हरवलं. गोल जेसी फ्लेमिंगचा, पेनल्टीवर. २००१ नंतरचा अमेरिकेवरचा तो पहिला विजय. अंतिम सामन्यात स्वीडन एका गोलाने पुढे होता. गोलक्षेत्रात सिंक्लेअरला पाडलं गेलं, व्हिडिओ बघून पंचांनी पेनल्टी दिली आणि ती पुन्हा फ्लेमिंगनेच मारली. सामना १-१ राहिला आणि पेनल्टी शूटआउटमध्ये कॅनडा ३-२ ने जिंकला. निर्णायक किक ज्युलिया ग्रोसोची. तेव्हा सिंक्लेअर मैदानाबाहेर होती, तिच्या जागी बदली खेळाडू आत गेली होती.

विक्रमांच्या यादीत त्या अंतिम सामन्यात तिच्या नावापुढे शून्य आहे. तिला पाडल्यामुळे मिळालेली पेनल्टी, त्यातून झालेली बरोबरी, त्यातून आलेलं सुवर्ण, हे कुठल्याच रकान्यात बसत नाही. आणि महिलांच्या ऑलिम्पिक फुटबॉलमध्ये वयाची अट नसते. पुरुषांसारखे तेवीस वर्षांखालचे संघ नसतात. प्रत्येक देशाचा पूर्ण ताकदीचा संघ उतरतो. म्हणून त्या सुवर्णाची किंमत विश्वचषकाच्या जवळपासची आहे.

अपयशही याच मोजमापात धरायला हवं. २०२३ च्या विश्वचषकात नायजेरियाविरुद्ध तिने मारलेली पेनल्टी गोलरक्षकाने अडवली, सामना ०-० सुटला आणि कॅनडा गटातूनच बाहेर गेला.

“देशासाठी खेळणं ठीक, पोट कशावर?”

पालकांचा खरा प्रश्न हा आहे आणि याचं उत्तर गोड नाही. सिंक्लेअर वाढली तेव्हा कॅनडात महिलांची व्यावसायिक लीगच नव्हती. व्यावसायिक लीग म्हणजे खेळण्याचा पगार देणाऱ्या क्लबांची वर्षभराची साखळी. मग ती गेली कुठे? शेजारच्या अमेरिकेत, पोर्टलंड विद्यापीठात. अमेरिकेत १९७२ मध्ये कायदा झाला की सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत मुलगी म्हणून कुणालाही डावलायचं नाही. खेळ त्यात आला. विद्यापीठांना मुलींचे संघ उभे करावे लागले, त्यांना शिष्यवृत्त्या द्याव्या लागल्या, मैदानं आणि प्रशिक्षक द्यावे लागले. अमेरिकेचा महिला संघ इतकी वर्षं जगावर राज्य करत राहिला, त्यामागचं एक मोठं कारण हा शिक्षणाचा कायदा आहे. सिंक्लेअरने पोर्टलंडला २००२ आणि २००५ मध्ये राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिलं आणि २००५ च्या एकाच हंगामात ३९ गोल केले. तिची पहिली शाळा ही.

पुढची वाट मात्र खड्ड्यांची होती. २०१० मध्ये ती कॅलिफोर्नियातल्या एफसी गोल्ड प्राइड या क्लबकडून लीग जिंकली. काही आठवड्यांत क्लब बंद पडला. २०११ मध्ये वेस्टर्न न्यूयॉर्क फ्लॅशकडून पुन्हा लीग जिंकली. यावेळी अख्खी लीगच बंद पडली. ती स्वतः सर्वोच्च फॉर्ममध्ये, विजेत्या संघात, आणि तरी दोनदा खेळायला जागा उरली नाही. २०१३ मध्ये अमेरिकेत नवी लीग सुरू झाली ती टिकली. त्याचं एक कारण म्हणजे सुरुवातीला राष्ट्रीय संघांच्या खेळाडूंचे पगार अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिकोच्या फुटबॉल संघटनांनी उचलले. क्लबांवरचा भार हलका झाला. सिंक्लेअर तिथे पोर्टलंड थॉर्न्सकडून २०१३ पासून २०२४ पर्यंत खेळली आणि २०१३, २०१७ व २०२२ अशी तीन विजेतेपदं मिळवली.

आणि कॅनडाची स्वतःची लीग? ती २०२५ च्या एप्रिलमध्ये सुरू झाली. सहा संघांची. उभी करण्यात पुढाकार होता डायना मॅथेसनचा, लंडनला कांस्य मिळवून देणाऱ्या त्याच खेळाडूचा. म्हणजे ऑलिम्पिक सुवर्ण आधी आलं आणि घरची लीग जवळपास चार वर्षांनी. सुवर्णानंतरही भांडण संपलं नव्हतं: २०२३ च्या सुरुवातीला कॅनडाच्या खेळाडू पैसे आणि सोयींच्या मुद्द्यावर संपावर गेल्या आणि सिंक्लेअरने सहकाऱ्यांबरोबर संसदीय समितीपुढे साक्ष दिली.

“ते कॅनडाचं झालं. भुसावळच्या पोरीचं काय?”

आपली परिस्थिती वाटते तितकी रिकामी नाही. भारतीय महिला संघ १९७९-८० आणि १९८३ च्या महिला आशिया चषकात उपविजेता होता, आणि १९८३ मध्ये शांती मल्लिक यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. फुटबॉलमध्ये तो मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला. त्यानंतर मोठा खंड पडला. महिलांची राष्ट्रीय लीग, इंडियन विमेन्स लीग, २०१७ च्या जानेवारीत सुरू झाली. २०२० मध्ये मणिपूरची फॉरवर्ड बाला देवी स्कॉटलंडच्या रेंजर्समध्ये गेली. युरोपात व्यावसायिक करार मिळवणारी ती पहिली भारतीय महिला फुटबॉलपटू. २०२२ मध्ये पंजाबची मनीषा कल्याण सायप्रसच्या क्लबकडून युरोपच्या चॅम्पियन्स लीगमध्ये उतरली.

आपल्या तीन जिल्ह्यांत वाट सुरू होते ती शाळेतून. तालुका, जिल्हा, नाशिक विभाग, मग राज्य. इथे सर्वांत मोठी अडचण गुणवत्तेची नाही, सामन्यांची आहे. शालेय स्पर्धा बाद पद्धतीच्या: हरलात की घरी. तालुक्याच्या पहिल्याच फेरीत हरलेल्या संघातली चांगली फॉरवर्ड त्या वर्षी एक अधिकृत सामना खेळते. एक. पुढच्या वर्षी कदाचित दोन. सिंक्लेअरच्या ३३१ एकरांसमोर हे ठेवून बघा. ज्या मुलीला नांगरायला जमीनच मिळाली नाही तिचा उतारा कसा काढणार? निवड समितीला तरी काय दिसणार? मणिपूरच्या मुली पुढे जातात त्यामागे त्यांच्याकडची स्थानिक क्लबांची आणि स्पर्धांची जुनी सवय आहे. ती सवय जळगावातही लावता येते.

नोकरीचा मार्गही आहे. महाराष्ट्रात शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, त्यासाठी ठरावीक पातळीवरची कामगिरी आणि तिचं प्रमाणपत्र पडताळून घेणं लागतं. दहावी-बारावीला क्रीडा सवलतीचे गुण मिळतात. कबड्डीतल्या मुलींच्या घरी हे सगळं पाठ असतं, फुटबॉलच्या घरी अजून नाही. स्पर्धेचं प्रत्येक प्रमाणपत्र पहिल्या दिवसापासून जपून ठेवा, नाव आणि जन्मतारीख शाळेच्या दाखल्याशी तंतोतंत जुळते का ते तेव्हाच बघा. नंतर दुरुस्त करताना फार फिरावं लागतं.

उन्हाळ्याचं म्हणाल तर एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा पंचेचाळिशीला टेकतो; सराव सकाळी सातच्या आत आटोपायला हवा आणि पाण्याची बाटली मुलीजवळ हवीच. पण जून ते फेब्रुवारी हे मोठे महिने आहेत. त्या महिन्यांत चार शाळांनी मिळून रविवारची साखळी लावली, प्रत्येक संघ प्रत्येकाशी दोनदा खेळला, तर एका मुलीला सहा सामने मिळतात. आठ शाळा आल्या तर चौदा. त्याला लागतं एक मैदान, दोन गोलपोस्ट, एक शिट्टी आणि आलटून-पालटून पंच होणारे क्रीडा शिक्षक. प्रशिक्षकांना भेटाल तेव्हा ‘माझ्या मुलीने गोल किती केले’ हे जरूर विचारा, पण त्याआधी या वर्षी ती किती सामने खेळली आणि त्यांत प्रत्यक्ष किती मिनिटं मैदानावर होती, ते विचारा आणि वहीत लिहून ठेवा.